हे कुठं जातं?

डहाणूच्या किनाऱ्यावरची एक मच्छीमार वस्ती. २०१७ चा डिसेंबर, सकाळचे साडेआठ. एक आजी दारात बसून सुके बोंबील साफ करत होती. एकेक बोंबील उचलायची, डोकं मोडायची, शेपटी चिमटायची आणि उरलेल्याचे दोन तुकडे करून ताटलीत टाकायची. तिच्या मागं बांबूच्या मांडवावर नवे बोंबील वाळत होते. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडीजोडीनं दोरीवर टांगलेले. माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा. पत्रकावर दोन डबे छापलेले: हिरवा ओल्या कचऱ्याचा, निळा सुक्या कचऱ्याचा. हिरव्याशेजारी केळ्याची साल आणि खाऊन उरलेलं सफरचंद, निळ्याशेजारी बाटली आणि वर्तमानपत्र. मी सगळं वाचून दाखवलं. आजीनं ऐकून घेतलं आणि सुपाच्या कडेला जमलेल्या ढिगाकडं बोट केलं.

"मग ही डोकी कुठं टाकू गो बाय?"

"हिरव्या डब्यात, आजी."

"हिरवा ओल्याचा सांगितलास ना? हे तर सुकं हाय."

मला उत्तर सुचेना. ओलं आणि सुकं या दोन शब्दांवर तिचं अख्खं घर चालत होतं. ओली मासळी म्हणजे ताजी, आज गेली नाही तर उद्या नासणारी. सुकी म्हणजे उन्हावाऱ्यानं टिकवलेली, होड्या किनाऱ्याला लागल्या की पावसाळ्यात हातात चार पैसे देणारी. त्या बाईला मी ओल्या-सुक्यातला फरक समजवायला आले होते. तिनं डोकी निळ्या डब्यात टाकली. माझ्या पत्रकाप्रमाणं तिचं चुकलं होतं, शब्दाप्रमाणं अगदी बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी त्या डब्यातला पुठ्ठा आणि कागद सगळा वास मारत होता, आणि रात्रीतून मांजरांनी तो गल्लीभर ओढला होता.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवायला लागले. वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे: बोंबलाची डोकी.

मी कचऱ्याच्या कामात आले ती ठरवून नाही. समाजकार्याचं शिक्षण झालं, एका संस्थेत समन्वयक म्हणून कंत्राटी नोकरी मिळाली, आणि डहाणू-तलासरीची बोली कानावरची म्हणून हा भाग माझ्या वाट्याला आला. माहेर चिंचणीचं. केंद्र सरकारचे घनकचरा व्यवस्थापन नियम ८ एप्रिल २०१६ ला निघाले होते. घरातला कचरा घरातच तीन भागांत वेगळा ठेवायचा, हे त्यांत बंधनकारक झालं. नियमांतले शब्द होते जैवविघटनशील, अविघटनशील आणि घरगुती घातक. आमच्या पत्रकांवर ते थोडे सोपे होऊन आले: ओला, सुका, घातक. मथळा मात्र तोच राहिला, 'कचऱ्याचे वर्गीकरण करा'. वर्गीकरण हा शब्द मी सात वर्षांत एकाही स्वयंपाकघरात ऐकलेला नाही.

आणि ओला-सुका हे शब्द तर लोक रोज बोलतात, अडचण तिथंच आहे. वाळलेली नारळाची शेंडी, चिकूच्या वाडीतला पाचोळा, शिळ्या भाकरीचा कडक तुकडा, हे सगळं हाताला सुकं लागतं आणि जायला हवं ओल्यात. दुधाची पिशवी आतून ओली असते आणि जायला हवी सुक्यात. ज्यानं कुणी हे दोन शब्द निवडले त्याला ओला म्हणजे कुजणारा आणि सुका म्हणजे न कुजणारा असं म्हणायचं होतं. पण आपल्याकडं ओलं-सुकं बोटांनी ठरतं. बाई डब्यापाशी उभी राहते तेव्हा वस्तू तिच्या हातात असते.

कचरा या शब्दाचंही मला तसंच वाटायला लागलं. चिंचणीच्या आमच्या जुन्या घरात आजी कचरा हा शब्द क्वचितच वापरायची. तिच्याकडं केर होता, तो रोज सकाळी निघायचा. खरकटं होतं, उष्टं होतं, शिळं होतं. ते गोठ्यात जायचं. भाज्यांची देठं-सालं गाईच्या घमेल्यात. तांदळाचा कोंडा कोंबड्यांना. राख भांड्यांना आणि उरलेली अळवाच्या मुळाशी. चिंध्या पोतेऱ्याला. रद्दी दिली जायची, मोडतोड भंगारात दिली जायची. नीट ऐकलं तर रद्दीला आणि भंगाराला आपण 'टाकली' म्हणत नाही, 'दिली' म्हणतो. प्रत्येक वस्तूला नाव होतं आणि नावाबरोबर जागा होती. प्लास्टिक आलं तेव्हा त्याला आजीकडं ना नाव होतं ना जागा. पहिल्यांदा तिनं पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या. मग त्या इतक्या झाल्या की धुणं थांबलं. हळूहळू खरकटं, केर, देठं, पिशव्या सगळं एकाच बादलीत जायला लागलं आणि त्या सगळ्याला मिळून एक नाव पडलं.

या आठवणीत मी फार रमत नाही, त्याला कारण आहे. एका बैठकीत आमच्यातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं सुचवलं, लोकांना सोवळं-ओवळं कळतं, तेच धरून समजवा, लगेच पटेल. पटलं असतंच. पण खरकट्याची शिसारी ज्या मनातून येते त्याच मनानं खरकटं उचलणाऱ्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर उभं केलं. माझ्याबरोबर घंटागाडीवर फिरणाऱ्या ताईंना आजही काही घरांत पाणी वरून ओततात. मी त्या बैठकीत नको म्हटलं आणि ते शब्द या कामात कधी वापरले नाहीत. इतर कशाबद्दल मी तडजोड केली असेल, याबद्दल नाही.

तलासरीला मी गेले ते २०१८ च्या उन्हाळ्यात. तलासरी म्हटलं की आमच्या भागात १९४५ चा वारली आदिवासींचा लढा आठवतो, झरीची सभा, लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडं लग्नगडी म्हणून राबायची, तो काळ सांगणारी म्हातारी माणसं माझ्या लहानपणी होती. बाहेरचा माणूस कागद घेऊन आला की काय होतं, हे या मातीला चांगलं ठाऊक आहे. म्हणून अंगणवाडीच्या ताई मला म्हणाल्या, "मॅडम, ते पत्रक पिशवीतच ठेवा. आधी बसा."

मी बसले. पाड्यावरचं घर होतं, कारवीच्या कुडाचं, शेणानं लिंपलेलं. पुढं खळं, एका बाजूला उकिरडा, पलीकडं बांधावर राबासाठी आणून ठेवलेल्या फांद्या आणि पाचोळा. घरातल्या आजीला मी विचारलं, तुमच्याकडं कचऱ्याचं काय करता? तिनं खळ्यावर नजर फिरवली. खळं स्वच्छ झाडलेलं होतं. "कुठंय?" ती म्हणाली. तिचं खरं होतं. शेण, राख, गवत, शिळं, पाला, जे काही होतं ते उकिरड्यात नाहीतर राबात. तिचं घरसुद्धा एक दिवस मोडलं तर कूड, माती आणि गवत जिथून आलं तिथंच जाणार होतं.

पण चुलीपाशी एक पिशवी लटकत होती. तिच्यात वेफर्सची पाकिटं, शांपूच्या पुड्या, तंबाखूच्या पुड्या, एक फाटकी प्लास्टिकची चप्पल. ही कशाला? तर पावसाळ्यात लाकडं भिजतात, तेव्हा चूल पेटवायला. आणि उरलेलं राबात.

राब ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं, तिथं उन्हाळ्यात शेण, फांद्या, गवत, पाचोळा यांचे थर पसरतात, वर माती टाकतात आणि पेटवून देतात. तण मरतं, राख मिळते, जमीन भाजून निघते आणि पहिल्या पावसाला तिथं बी फेकतात. या पद्धतीला फार जुना इतिहास आहे आणि घरातला सगळा केर त्यात बिनबोभाट सामावून जायचा. आता त्यात पाकिटंही जातात. त्या आजीनं मला पुढच्या जुलैत आवणीच्या वेळी पुन्हा बोलावून घेतलं आणि रोपांची एक मूठ उपटून माझ्या हातात दिली. पांढऱ्या बारीक मुळांच्या जुडग्यात सुपारीएवढा काळा गोळा अडकला होता, वितळून थिजलेल्या पिशवीचा. मुळं त्याच्या भोवतीनं वाढली होती, आत एकही शिरलं नव्हतं. तिनं तो गोळा नखानं सुटा करून बांधावर ठेवला. तिथं तसे आणखी सात-आठ होते.

"हे मातीला जिरत नाही," ती म्हणाली.

जिरणं. पाणी जमिनीत जिरतं, अन्न पोटात जिरतं. मी वहीत लिहून घेतलं: जिरतं ते आणि जिरत नाही ते. जैवविघटनशील या शब्दात जे सांगायचं होतं ते सगळं या एका क्रियापदात होतं, आणि बोंबलाच्या डोक्याचा प्रश्नही त्यात सुटत होता. सुकं असो की ओलं, डोकं जिरतंच.

पुढच्याच आठवड्यात मी मच्छीमार वस्तीतल्या आजीकडं गेले. त्यांना म्हटलं, ओलं-सुकं विसरा. मातीत पुरलं तर जिरेल ते हिरव्यात, जिरणार नाही ते निळ्यात. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, "शिंपल्या?" शिंपल्या वर्षानुवर्षं जिरत नाहीत. मी दोन दिवसांची मुदत मागून घेतली. शेवटी ठरलं की शिंपल्या दोन्ही डब्यांत नकोत, वेगळ्या ठेवायच्या आणि पावसाळ्याआधी चिखलाच्या वाटेवर टाकायच्या. पूर्वीही त्या तिथंच टाकत. मला सांगायची गरजच नव्हती, विचारायची होती.

चिकूच्या वाड्यांनी मला दुसरा शब्द दिला. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते पेपरात सगळ्यांनी वाचलं. त्या चिकूच्या ढिगापाशी दिवसभर बसणाऱ्या बाया मात्र फारशा कुणी पाहिलेल्या नसतात. लांब काठीच्या टोकाच्या जाळीत फळ उतरतं, धुतलं जातं आणि मग ढिगाभोवती बाया बसतात. मोठा इकडं, मध्यम तिकडं, बारीक त्याच्या पलीकडं. दबलेला, फुटका, डाग पडलेला वेगळा. हात थांबत नाहीत, गप्पाही थांबत नाहीत. बोटांना वजन कळतं, अंगठ्याला आतला नासका भाग कळतो. या कामाला त्या निवडणं म्हणतात. तांदूळ निवडतात, मेथी निवडतात, तसे चिकू निवडतात.

मला वाटलं, सापडलं. वर्गीकरणाला घरातला शब्द मिळाला. मी सगळीकडं सांगायला लागले, कचरा निवडा. लोकांना लगेच कळलं आणि माझं काम बिघडलं. कारण तांदूळ निवडतात ते आधी एकत्र असतात म्हणून. बाया दिवसभर सगळं एका बादलीत टाकायच्या आणि सकाळी गाडीची गाणी ऐकू आली की उकिडवं बसून त्यातून पिशव्या, कागद, डबे बाहेर काढायच्या. आमटीत भिजलेला कागद, चहापत्तीनं बरबटलेली बाटली. दोन-चार दिवस केलं आणि कंटाळून सोडून दिलं. एका घरातल्या सुनेनं मला स्पष्टच सांगितलं, "ताई, लग्न होऊन आल्यापासून मी सगळ्यांचं उष्टंच काढतेय. आता हे पण मीच निवडायचं?"

ती म्हणाली ते मला लागलं. घरातली चार माणसं बेफिकीर टाकतात आणि एक बाई निवडते, हा सगळा भार माझ्या शब्दानं तिच्यावर टाकला होता. त्यानंतर मी एकच वाक्य धरलं: मिसळू नका. हे वाक्य टाकणाऱ्याला लागू पडतं. शाळेतून आलेल्या मुलाला, पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांना, नवऱ्याला. दूध-दही-ताक वेगवेगळ्या भांड्यात ठेवतो, कुणी एकत्र ओतून नंतर वेगळं करत नाही, एवढं म्हटलं की पुरतं. तीन महिन्यांत त्या सुनेच्या गल्लीतल्या निम्म्याहून जास्त घरांतून वेगवेगळे डबे यायला लागले. निवडणं हा शब्द मी घंटागाडीच्या पुढच्या कामासाठी राखून ठेवला, जिथं ते खरोखर करावं लागतं.

भाषा इथं गल्लीगणिक बदलते, तेही शिकावं लागलं. गुजराती घरात ओला कचरा म्हटलं तर माना हलतात, एंठवाड म्हटलं की डबा पुढं येतो. रद्दी तिथं पस्ती असते. आच्छाडच्या नाक्यापलीकडं गुजरात आहे; तलासरीच्या बाजारात हिंदी, गुजराती, वारली, मराठी एकाच वाक्यात ऐकू येतात. भंगार हा शब्द सगळ्यांना एकसारखा कळतो. भंगाराच्या धंद्याची स्वतःची भाषा आहे आणि ती मला गाडीवरच्या ताईंनी शिकवली. पाण्याची कुठल्याही कंपनीची बाटली म्हणजे बिसलेरी. पातळ पिशव्या म्हणजे पन्नी. ॲल्युमिनियम म्हणजे जर्मन. ओतीव लोखंड म्हणजे बीड. पुठ्ठा वेगळा, रद्दी वेगळी, कारण दोन्हीला भाव वेगळा. इथला बराच पुठ्ठा वापीकडं जातो, तिथं जुन्या कागदापासून नवा कागद करणाऱ्या गिरण्या आहेत. ताई म्हणायच्या, "पुठ्ठा भिजला की त्याचा भाव मेला." बोंबलाची डोकी आणि पुठ्ठा एकत्र का नकोत, हे इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आलं नव्हतं. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. ते नाव मी आधी पुस्तकात वाचलं होतं. ताईंबरोबर फिरल्यावर कळलं की त्यातले पहिले तीन शब्द त्यांच्या रोजच्या पोत्यातले आहेत.

याच ताईंचा हात २०१९ च्या पावसाळ्यात कापला. काळ्या पिशवीत फुटलेला काचेचा ग्लास, वर भाताचं खरकटं. तळहातावर सात टाके. कुणाच्या घरातली पिशवी ते कळलंच नाही. तेव्हापासून काच कागदात गुंडाळून हातात द्यायची आणि देताना तोंडानं म्हणायचं, "काच आहे." एवढे दोन शब्द. आमच्या कामात सगळ्यात चटकन रुजलेली सवय ही.

माझी मामेबहीण त्याच वर्षी नवऱ्याच्या नोकरीमुळं इटलीत मिलानला राहायला गेली. पहिल्याच आठवड्यात तिनं इमारतीच्या तळमजल्यावरच्या डब्यांचे फोटो पाठवले. कागदाचा पांढरा डबा, काचेचा हिरवा, प्लास्टिक आणि धातूची पिवळी पिशवी, अन्नाचा तपकिरी डबा, उरलेल्याची पारदर्शक पिशवी. खाली तिचा निरोप: "तू हेच काम करतेस ना? मग सांग, मला काहीच कळत नाहीये. चुकलं तर दंड सगळ्या इमारतीला बसतो म्हणे."

तिच्याबरोबर मीही ते शब्द शिकले. कार्ता म्हणजे कागद, वेत्रो म्हणजे काच. अन्नाच्या डब्याला घरोघर म्हणतात ऊमिदो. मी शब्दकोशात पाहिलं आणि थबकले. ऊमिदो म्हणजे ओला. तिकडंही तेच! शेंगदाण्याची कोरडी टरफलं ऊमिदोत जातात का, हे तिलाही शेजारणीला विचारावं लागलं. (जातात.) दुकानातली छापील पावती हाताला कागद लागते, पण कार्तामध्ये चालत नाही, कारण तो उष्णतेनं छापण्याचा वेगळा कागद असतो. दुधाच्या-रसाच्या खोक्यांचं तर गावागणिक बदलतं; कुठं ती कागदात जातात, कुठं प्लास्टिकमध्ये. आणि शेवटच्या पिशवीचं नाव इन्दिफ्फेरेन्त्सियातो, म्हणजे वेगळा न केलेला. ते नाव वस्तूचं नाहीच, कुणीतरी न केलेल्या कामाचं आहे. मला ते नाव आवडलं. आपण त्या ढिगाला नुसतं कचरा म्हणतो.

पण मला सगळ्यात जवळचं वाटलं ते एक वाक्य. बहिणीच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहतात. खाली डब्यांपाशी भेटल्या की हातातली वस्तू वर धरून त्या हिला विचारतात, "ए क्वेस्तो दोवे वा?" आणि हे कुठं जातं? आयुष्य मिलानमध्ये गेलेल्या बाई कालपरवा आलेल्या मुलीला विचारतात, कारण नियम बदलत राहतात आणि कुणालाच सगळे पाठ नसतात. बहिणीनं इटालियनमधलं पहिलं न अडखळता बोललेलं वाक्यही हेच. डहाणूच्या आजीनं बोंबलाच्या डोक्यांकडं बोट करून मला हेच तर विचारलं होतं. त्या वेळी मला तो माझ्या तयारीतला उणेपणा वाटला होता. आता वाटतं, ती पहिल्या दिवशीच बरोबर प्रश्न विचारत होती.

म्हणून आम्ही पत्रक नव्यानं केलं. आम्ही म्हणजे मी, अंगणवाडीच्या ताई, गाडीवरच्या ताई आणि तीन वस्त्यांतल्या बाया. 'कचऱ्याचे वर्गीकरण करा' हा मथळा काढला आणि वर लिहिलं, 'हे कुठं जातं?' केळ्याची साल आणि सफरचंद काढलं. त्याऐवजी आमच्याकडच्या वस्तू आल्या: सुकटीचा चुरा, बोंबलाची डोकी, चिकूची सालं, नारळाची शेंडी, ताडफळाची टरफलं, दुधाची पिशवी, शांपूची पुडी, गोळ्यांचं रिकामं पाकीट, फुटका आरसा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं अंगणवाडीतल्या मुलांनी काढली. आजूबाजूच्या वस्तू धरून शिकवणं या भागात काही नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालवाडी सुरू केली, पुढं १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची आणि शिकवायची साधनं त्यांच्या आजूबाजूच्या वस्तूंतून करायची, हे त्यांनी इथंच करून दाखवलं. आजही आमच्या अंगणवाडीत मुलं बिया एका वाटीत, शिंपले दुसऱ्या वाटीत, पानं तिसऱ्या वाटीत ठेवतात. त्या खेळात ताईंनी बाटलीचं झाकण आणि पाकिटाचा तुकडा घातला. चार वर्षांची एक मुलगी झाकण हातात घेऊन बराच वेळ तिन्ही वाट्यांकडं बघत राहिली आणि मग उठून चौथी वाटी घेऊन आली.

सगळंच असं सुरळीत झालं नाही. एका गोष्टीसाठी अजून शब्दच सापडत नाही. पाळीच्या पॅडबद्दल बोलायचं असतं तेव्हा बाया पदर तोंडाला लावतात, 'ते' म्हणतात, 'बाहेरचं' म्हणतात, नाहीतर गप्प बसतात. दुकानदार पॅड काळ्या पिशवीत घालून देतो आणि त्याच काळ्या पिशवीतून ते कचऱ्यात येतं, म्हणून गाडीवरच्या ताईंना ती पिशवी उघडेपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. २०१६ च्या नियमांत सांगितलं होतं की पॅड आणि डायपर कंपनीनं दिलेल्या पाकिटात किंवा साध्या कागदात नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. सुक्याच्या! हे मी आजवर एकाही बाईला समजावू शकले नाही आणि समजावू नये असंच मला वाटतं. पुण्यात 'स्वच्छ' संस्थेच्या कचरावेचक बायांनी यावर उपाय काढला तो मला फार शहाणपणाचा वाटतो: वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा. बोलावं लागत नाही, उघडून बघावं लागत नाही. आम्ही दोन वस्त्यांत तसं सुरू केलं आहे. ठिपका काढायला घरात लाल पेन नसतं, म्हणून बाया कुंकवाचं बोट लावतात. पहिल्यांदा तशी पुडी हातात आली तेव्हा गाडीवरच्या ताई काही बोलल्या नाहीत. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि वेगळ्या पोत्यात ठेवली.

डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. उद्योगांची हिरवा, नारिंगी, लाल अशी विभागणी झाली आणि लाल उद्योगांना तालुक्यात मज्जाव झाला. त्या अधिसूचनेच्या अंमलबजावणीवर देखरेख करायला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचं काम वर्षानुवर्षं केलं. माझ्या पिढीला याचा अभिमान आहे. पण कारखान्याचं आणि घराचं गणित वेगळं. कारखाना एका दाराशी अडवता येतो. पाच रुपयांचं पाकीट प्रत्येक दुकानातून, प्रत्येक पाड्यावर, पोरांच्या हातातून येतं. त्याच्यासाठी न्यायालय पुरत नाही, घरातला शब्द लागतो. मला या कामाची निकड वाटते ती म्हणूनच.

एक मात्र सांगायला हवं. लोकांनी वेगळं ठेवलेलं पुढं एकत्र झालं तर सगळं कोसळतं. मी काम केलेल्या एका ठिकाणी, नाव घेत नाही, दोन डबे एकाच गाडीत एकाच खणात रिकामे होताना बायांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी एकही वेगळा डबा आला नाही. मी दारोदार जाऊन माफी मागितली. गाडीला मधोमध पत्रा लागायला पाच महिने गेले आणि त्या पाच महिन्यांत मी त्या गल्लीत कुणाला काहीही सांगायला गेले नाही. सांगायचा हक्क नव्हता. पत्रा लागला त्या दिवशी गाडी घेऊन गेलो, मागचं फाळकं उघडून ठेवलं आणि बायांना म्हटलं, बघून घ्या. काहीजणी खरंच चढून आत डोकावल्या.

गेल्या मार्चमध्ये मी पुन्हा त्या मच्छीमार वस्तीत गेले होते. आजी आता थकल्यात, बोंबील त्यांची नात साफ करते. दारात दोन डबे आहेत, हिरव्यावर कुणीतरी खडूनं मासा काढलाय. आजींनी मला बसवलं, चहा दिला, आणि मग आत जाऊन एक बोजड गठ्ठा ओढत बाहेर आणला. फाटलेलं नायलॉनचं जाळं, हिरवं, मिठानं कडक झालेलं, त्यात अडकलेल्या बारीक शिंपल्या आणि दोरीचे गुंते. असे गठ्ठे वस्तीत घरोघर आहेत. काही समुद्रात जातात आणि पुढच्या खेपेला दुसऱ्याच्या जाळ्यात अडकून परत येतात. भंगारवाला हात लावत नाही, वजन मिठाचंच जास्त भरतं म्हणतो.

आजींनी जाळ्याचं एक टोक माझ्या मांडीवर ठेवलं.

"आणि हे कुठं जातं गो?"

मी वही काढली. शेवटच्या पानावर उत्तर न सापडलेल्या वस्तूंची यादी आहे: डायपर, जुन्या गाद्या, रबरी चपला. त्याखाली मी जाळं लिहिलं. नात शेजारी येऊन बसली आणि वहीत वाकून म्हणाली, "थर्माकोलचे खोके पण लिही. मासळीच्या बर्फाचे. ते तर रोज निघतात."

मी तेही लिहिलं.